जीप कुणाची

माहेरची जमीन तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं भागिरथीने. भिंगारच्या लिलावातली मिलिटरीची जुनी जीप घेतली तिने. कागदावर ठसठशीत सही केली, तीही तिनेच. आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात ती जीप झाली भिमाजीची! भिमाजी तिचा धाकटा दीर. चालवायचा तो, म्हणून लोक म्हणायचे, "भिमाजीची जीप आली." विधवा बाईच्या नावावर गाडी असते, हे गावाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. भागिरथीला ते कुसळासारखं टोचायचं.

आषाढातली गोष्ट. भिमाजीने जीप चढावर उभी केली. उभा जन्म बैलगाडी हाकलेली. सवयीने चाकाखाली धोंडा सारला आणि स्वारी निघाली चहाला. हॅन्डब्रेक ओढायचं भानच राहिलं नाही. ओल्या मातीत धोंडा सरकला, जीप मागे घसरली आणि थेट गोजरबाईच्या भाताच्या रोपात जाऊन बसली. आवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेली, आणि लावायच्या रोपाचा पार चिखल झाला.

गाव जमलं. कालपर्यंत रुबाबात हॉर्न वाजवणारा भिमाजी म्हणाला, "गाडी कुठं आमची? कर्ज फिटंस्तोवर बँकेची!"

"मंग बँकेचा सायेब येनार व्हय माझी आवणी करायला?" गोजरबाई कडाडली.

"विमा असंल की गाडीचा," कुणीतरी सुचवलं.

"त्यो येस्तोवर दिवाळी व्हईल. खाचरात काय कागद लावू?"

शेवटी सरपंच आप्पासाहेबांनी निवाडा केला. "चालवनाऱ्यानं भरावं. भिमाजी, तूच बघ."

भिमाजीने मान खाली घातली. सुटला म्हणायचा प्रश्न. पण भागिरथीने मनात हिशेब केला. आज दिराने भरपाई दिली, की जीप जन्मभर त्याचीच होणार. नुकसान जो भरेल, गाडी त्याची, एवढं तर गावाला नक्की कळतं.

ती पदर खोचून पुढे आली.

"भावजी निस्ते चालवत्यात. कर्ज बँकेचं हाय, पन गाडी माझी हाय. माझ्या गाडीनं केलेलं नुकसान मी भरनार. मावशी, माझ्या वाफ्यातलं रोप उपटून न्या. आवणीलाबी मी येते."

आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली. सरपंचासमोर एवढं बोलल्याचं भागिरथीला स्वतःलाच नवल वाटलं, आणि अभिमानही.

गोजरबाईचा आवाज एकदम खाली आला. "आगं, पर तुला पुरंल का? तुझं एक खाचर रिकामं ऱ्हाईल की गं."

"ऱ्हाऊ द्या, मावशी," भागिरथी ताठ मानेने म्हणाली. "ज्याच्या दारात गाडी, त्याला येवढी झळ सोसावीच लागती."