सैल झालेला मास्क

किल्ल्या नाकात अडकल्या होत्या. तिच्याच नाकात — म्हणजे कपाटावर उताण्या पडलेल्या त्या पांढऱ्या जाळीच्या मास्कच्या नाकात. ती या कॅन्सर रुग्णालयात शिकायला आली तेव्हा गरम पाण्यात मऊ केलेली ही जाळी विभागप्रमुख सरांनी स्वतः तिच्या चेहऱ्यावर दाबून बसवली होती. विभागाची रीतच तशी : किरणोपचार शिकायचे तर आधी आपलं डोकं टेबलाला जखडून घ्यायचं, मग पेशंटला 'हलू नका' म्हणायचं. जाळी कडक होत गेली आणि जबडा उघडेना, तेव्हा तिला असा काही राग आला होता... कुणाचा, तेही कळेना. आणि आता त्यातच स्वतःच्या किल्ल्या ठेवते ही बाई! वा गं वा.

आज सरांना उत्तर द्यायचं. पुढच्या वर्षी संशोधनासाठी विभागात एकच जागा आहे, विषय सरांचा, नव्या यंत्राचा — आकडे तिने गोळा करायचे, शोधनिबंधात नाव लागेल, त्या नावावर पुढे परदेशाची दारं उघडतील. सकाळी फोनवर आई म्हणाली, "हो म्हणून मोकळी हो बाई. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"आणि माशानं कुणाशी करायचं?"

"चावटपणा पुरे. आता कुठे सवय झालीये तुला तिथली. पहिल्या वर्षी किती रडायचीस, आता चकार शब्द काढत नाहीस."

सवय! त्या शब्दाने सकाळपासून डोकं उठवलंय. हाच शब्द तिने स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, मास्तरांच्या केसपेपरवर. घशाच्या गाठीसाठी आलेले निवृत्त मास्तर, गणिताचे. पहिल्या आठवड्यात मास्क लावला की आरडाओरडा — "अहो, गळा आवळता की उपचार करता?" — आणि मग एके दिवशी गप्प. शहाण्या मुलासारखे यायचे, झोपायचे, उठून जायचे. 'मास्कची सवय झाली', तिने लिहिलं. खूश होऊन लिहिलं. नंतर तपासणीच्या स्कॅनमध्ये दिसलं, मास्तर आत चांगले मान वळवून पडलेत. अन्न जात नव्हतं, गाल बसले होते, मास्क सैल झाला होता, आणि किरण... किरण पडायचे तिथून सरकून भलतीकडेच पडत होते. किती दिवस, देव जाणे.

"सांगायचं नाही का, मास्तर?"

"डॉक्टरबाई, तुरुंगाचं दार उघडं राहिलं तर कैदी जेलरला सांगायला जातो का?"

ती हसली होती. तक्रार थांबली की आपण सगळे सुटकेचा श्वास टाकतो... आणि नेमकं तेव्हाच काहीतरी सुटलेलं असतं. गप्प झालेल्यांपैकी कितीजणांचे मास्क सैल आहेत? हा तिचा प्रश्न, तिचा विषय. बैठकीत मांडला तर सर म्हणाले, "सैल झाला तर नवा करायचा. यात संशोधन कसलं?" सगळे हसले. तीही हसली. मी का हसले? मला कसलं हसू येत होतं तेव्हा?

सरांच्या खोलीत चहा निवत होता. "मग? घालू नाव?"

"माझ्या विषयावर घाला, सर."

सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. "अगं, जागा एकच आहे. दुसरा एकजण टपून बसलाय."

"त्याला द्या. मला फक्त परवानगी हवी. रोज मास्क लावला की एकच प्रश्न विचारायचा — आत हलता येतंय का?"

"आणि नाही दिली तर?"

"तरी विचारणार. पेशंटशी बोलायला परवानगी लागत नाही, सर. छापायला लागते."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला, म्हणाले, "बघू." बघू म्हणजे हो की नाही, ते काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

ती तडक वर गेली, मास्कमधल्या किल्ल्या टेबलावर ओतल्या आणि तो घेऊन मास्क बनवायच्या खोलीत येऊन आडवी झाली. तिथली टेक्निशियनताई बघतच राहिली. "डॉक्टर, बरं आहे ना?"

"लाव गं."

खटके बसले. या नोकरीत गाल कुठे शिल्लक राहिलेत — हनुवटीखाली बोट जाईल एवढी फट. तिने मान डावीकडे वळवली, वळली. उजवीकडे वळवली, तीही वळली. किती बरं वाटत होतं! झोप लागली असती इतकं बरं... आणि त्या बरं वाटण्याचीच तिला सणकून भीती वाटली.

"आता विचार मला," ती आतून म्हणाली.

"काय विचारू?"

"हलता येतंय का, असं."

"हलता येतंय का, डॉक्टर?"

"येतंय!" जबडाही उघडत होता; आवाज खोलीभर गेला. "काढ हा. पाणी गरम ठेव. नवा कर माझा, घट्ट."

खटके उघडून, मास्क काढून ताई पुटपुटत पाण्याकडे वळली. वर छतावरचा दिवा डोळ्यांत खुपत होता, 'बघू' अजून कानात होतं, जागा तर गेल्यातच जमा... आणि ती उघड्या चेहऱ्याने पडून त्या पहिल्या दिवशीच्या रागाची वाट बघत होती. यायलाच हवा होता तो. कान तर आत्ताच तापले होते.