नोंद नसलेल्या दोन बाटल्या

चैत्र सरत आला की पूर्णेकाठचा उजेड पांढराफटक होतो. काळी जमीन भेगाळते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, आणि त्या उघड्याबोडक्या रानाच्या टोकाशी, एखाद्या गावातून, हापशीच्या दांड्याची किरकिर संथ लयीत येत राहते. कुसुमताई मला आठवतात त्या ह्या आवाजासकट. दांडा दाबताना त्या ओठांतल्या ओठांत मोजत; नळीत साचलेलं शिळं पाणी पुरतं वाहून जाईपर्यंत बाटलीला हात लावत नसत. मग ओला हात पदराला पुसून कानामागची पेन्सिल काढत, वही गुडघ्यावर टेकवत, आणि आधी लिहून मगच बाटली भरत. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब येऊन थांबलेला असे. तो कागदावर पडू नये म्हणून मान जराशी तिरपी करून लिहिण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की सावलीत बसूनही त्या तशाच तिरप्या लिहीत.

अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरला आहे. तिथे भूमीच्या पोटातलं पाणी मचूळ, कुठे कुठे कडवट. आणि गंमत अशी की एका गावात शंभर पावलांवर असलेल्या दोन हापशांचं पाणीही एकसारखं नसतं. त्या गावांमधलं पाणी तपासायच्या कामावर आम्ही दोघी कंत्राटी होतो. मी अमरावतीची, शिक्षकाच्या घरात वाढलेली, रसायनशास्त्राची पदवी नवीकोरी हातात घेऊन आलेली. कुसुमताई दर्यापूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. बारावीनंतर त्यांचं शिक्षण सुटलं होतं. कागदावर मी त्यांची वरिष्ठ होते. रानात मात्र त्यांचा शब्द चाले, आणि हे मला फार दिवस रुचलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांच्या सावकाशीने माझा जीव मेटाकुटीला येई. रोज आठ-दहा गावं उरकायची असत, गाडी तापून तव्यासारखी झालेली असे, आणि या बाई पाण्याचा रंग, वास, आजूबाजूला उकिरडा आहे का, गुरं कुठे बांधतात, असं सारं पेन्सिलीच्या मऊ शिशाच्या अक्षरांत उतरवत बसत. मी म्हणे, हे संध्याकाळी खोलीवर बसून भरू, सगळं लक्षात असतंच. त्या वर न बघता फक्त मान हलवत. ते हलणं नकाराचं होतं की दुर्लक्षाचं, मला कधी कळलं नाही. त्यात शिकवण्याचा आव नव्हता. त्यामुळे भांडायलाही जागा नसे.

एके दिवशी दर्यापूरच्या पलीकडच्या एका लहान गावात दोन हापशा होत्या. एक शाळेजवळ, एक देवळाजवळ. गावाच्या दुसऱ्या टोकाला जुनी विहीर आहे असं कुणी सांगितलं म्हणून कुसुमताई ती पाहायला गेल्या, आणि दोन्ही हापशांचे नमुने मी एकटीने घेतले. ऊन डोक्यात शिरलं होतं. वहीत मी गावाचं नाव लिहिलं, दोन हापशा असं लिहिलं, आणि रंग-वासाचे रकाने संध्याकाळसाठी सोडून दिले. कुसुमताई बाटलीला कापडी पट्टी गुंडाळून त्यावर पेन्सिलीने लिहीत, वर सुतळीची गाठ मारत. मला ते गावठी वाटे. मी कचेरीतून आलेल्या कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यावर निळ्या शाईच्या पेनाने झोकात नावं घातली, आणि बाटल्या बर्फाच्या पेटीत उतरवल्या.

परतताना वलगावला चहासाठी थांबलो. बर्फ बदलायचा म्हणून कुसुमताईंनी पेटी उघडली आणि तशाच उभ्या राहिल्या. वितळलेल्या पाण्यावर दोन कोऱ्या चिठ्ठ्या तरंगत होत्या. पाण्याला फिकट निळी झाक आली होती. त्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या बाटल्या जशाच्या तशा होत्या. माझ्या दोन बाटल्या उघड्या, एकमेकींसारख्या, मुक्या.

मी लगेच म्हणाले की काळजीचं कारण नाही, मला पक्कं आठवतंय, शाळेजवळचं पाणी जरा गढूळ होतं, आणि ही डावीकडची बाटली गढूळ दिसते आहे. हिच्यावर शाळा लिहा.

त्यांनी दोन्ही बाटल्या उन्हाकडे धरून पाहिल्या. मग विचारलं, "पाणी गढूळ होतं हे तू तिथंच लिहिलं काय?"

मी वही उघडली. रंग-वासाचे रकाने कोरे होते.

"नाही ना लिहिलं. मंग आपल्याले माहीत नाही."

त्यांनी एका बाटलीवर अ लिहिलं, एकीवर ब. वहीत लिहिलं की चिठ्ठ्या सुटल्या, कोणती बाटली कोणत्या हापशीची ते सांगता येत नाही. आणि पेन्सिल माझ्यासमोर धरली, कारण नमुने मी घेतले होते, सही माझी हवी होती. अमरावतीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. अपमानाने माझे कान तापले होते.

निकाल आला तेव्हा ती चीड दुप्पट झाली. एका बाटलीतलं पाणी पिण्याजोगं होतं. दुसरीत क्षार आणि नायट्रेट इतकं की लेकरांना ते पाजूच नये. गढूळ दिसलेली बाटली वाईट निघाली होती. मी कचेरीतल्या साहेबांना सांगितलं, मला खात्री आहे, शाळेची हापशी वाईट, देवळाची चांगली. साहेब भले गृहस्थ होते, त्यांनाही रकाना भरलेला हवा होता. त्यांनी कुसुमताईंना बोलावून सुचवलं की मॅडम खात्रीने सांगताहेत तर नोंद दुरुस्त करून टाका. कुसुमताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या की वही तुमची आहे, तुमी लिवा, मी काई लिवत नाही. साहेबांनी लिहिलं नाही. शंका नको म्हणून दोन्ही हापशांना ‘पिऊ नये’ या खुणेचा लाल पट्टा मारायचा आणि पुन्हा नमुने आणायचे, असं ठरलं. मग गाडी दुसऱ्या कामाला गेली, आणि पुन्हा जाणं आठवड्यावर आठवडे लांबत राहिलं.

मधल्या काळात मी एकदा दुसऱ्या कामासाठी त्या गावावरून गेले. ऐन वैशाखातली दुपार. शेतातल्या एका विहिरीवरून बाया पाणी आणत होत्या, दीड कोसाची पायपीट. त्यातल्या एका वयस्क बाईने मला ओळखलं. डोक्यावरची घागर न उतरवता तिने विचारलं, "दोहीतली एक तं चांगली होती ना, बाई? कोणती होती तेवढं सांगून दे."

मला ते नाव जिभेवर आलं होतं. शाळा सोडा, देवळाजवळची वापरा, एवढं म्हटलं असतं तर तिची ती पायपीट त्याच दिवशी थांबली असती. पण सांगता येत नाही असं वहीत लिहिलेलं होतं, आणि खाली सही माझी होती. मी म्हणाले, मला माहीत नाही. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. शिकलेली पोरगी, स्वतःच्या हाताने पाणी भरून नेते, आणि तिला माहीत नाही म्हणते. मग ती चालू लागली. मला त्या वेळी कुसुमताईंचा जितका संताप आला तितका आजवर कुणाचा आला नाही.

आषाढात गाडी मिळाली. या वेळी मी जागेवर बसून सगळं लिहिलं, पट्ट्या गुंडाळल्या, गाठी मारल्या. निकाल आला. शाळेची हापशी चांगली होती. वाईट होती ती देवळाजवळची.

तो कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्या पाण्याचा गढूळपणा मला डोळ्यांसमोर दिसत होता, ज्याच्यासाठी मी शपथ घ्यायला तयार होते, ते पाणी त्या हापशीचं नव्हतंच. वैशाखात त्या बाईला मी विषाचं नाव अमृत म्हणून सांगितलं असतं.

तोवर कुसुमताईंचं कंत्राट संपलं होतं. त्या अकोल्याला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. मी मुद्दाम बसने गेले. अंगणात बसून त्या ज्वारी पाखडत होत्या, सुपातल्या भुशाचा सोनेरी धुरळा उन्हात उडत होता. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की तुमचंच खरं निघालं. त्यांचं सूप थांबलं.

"माह्यं काय खरं? मले बी कुठं माहीत होतं?" मग, सूप पुन्हा हलवत, "तुह्यं बरोबर निंगालं असतं ना पोरी, तरी ते खोटंच राह्यलं असतं."

आणि त्या बायांची पायपीट? ते मी विचारलं. त्या बराच वेळ ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. त्यांनाही ते लागलं होतं, हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं. इतके महिने मला वाटत होतं की लागलं ते फक्त मला.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. बातमी मला आठवड्याने कळली. पाणी तपासणीचा प्रकल्प बंद झाला तेव्हा वह्यांमधले आकडे संगणकात चढवले गेले. ‘सांगता येत नाही’ असं ज्यात लिहिलं होतं तो शेऱ्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच, म्हणून तो कुणी चढवला नाही, आणि वह्या कुठे गेल्या ते आता कचेरीत कुणाला सांगता येत नाही. मी दोनदा जाऊन विचारलं. दोन्ही वेळा मला चहा मिळाला.

आता त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, तर अडखळते. सुपातला धुरळा खरंच सोनेरी होता का? त्या दिवशी अंगणात ऊन होतं, की आभाळ होतं आणि ऊन मी नंतर घातलं? गेलेल्या माणसाला काळ हळूहळू आपल्याला हवं तसं करून देतो, आणि आपण तेच खरं म्हणून जपतो. त्या समोर असताना, त्या त्या दिवशी, मी त्यांच्याबद्दल एक ओळही लिहून ठेवली नाही.