उताराखालचा दुल्हादेव

कामठ्याच्या घरात मॉड्युलर किचन बसवायचं ठरलं, तेव्हा अडचण एकच होती. चिमणीच्या बरोबर खाली दुल्हादेव येत होता. देव म्हणजे मातीचा हातभर ओटा आणि त्यावर शेंदूर फासलेला गोटा. पण घरातलं एकही लग्न आजवर त्याला विचारल्याशिवाय ठरलं नव्हतं.

आई लेकीकडे केशोरीला गेलेली बघून भुपेंद्रने ओटा फोडून घेतला. मिस्त्रीने मलबा गेटपुढे, गाडी चढवायच्या उताराखाली भरला. देव कुठे ठेवलास, असं भुपेंद्रने विचारलं तोवर गोटाही त्या मलब्यात जाऊन वरचं सिमेंट वाळलं होतं.

"पंडित बोलावून वैनगंगेत सोडला," असं त्याने आईला, सुलोचनाबाईला सांगून टाकलं. देवाच्या बदल्यात संगमरवरी देव्हारा आणला. त्यात बटण दाबलं की दिवा लागायचा.

धान घरी आलं. दुल्हादेवाला दाखवल्याशिवाय नवा तांदूळ खायचा नाही, ही घराची रीत. सुलोचनाबाई जुनाच तांदूळ निवडत बसली.

"माय, या देव्हाऱ्यापुढे ठेव ना. देव सारे एकच."

"एकच होते त यालेच वैनगंगेत काऊन नाही सोडलास? घाट कोणता ते सांग. तिथंच नेऊन देईन."

"पाणी उतरू दे आधी."

पाणी उतरायच्या आधी भुपेंद्रचा गोंदियात समाजाच्या मेळाव्यात सत्कार झाला. त्याच्या भाषणाचा विषय होता, 'आपले कुलदेव, आपली ओळख'. "जो समाज आपल्या देवाले विसरला, समझो खुद को भूल गया!" या वाक्याला टाळ्या पडल्या. सगळ्यात उशिरापर्यंत वाजवणारा गृहस्थ त्याच्या नव्या किचनला टाइल्स देणारा व्यापारी होता.

खांद्यावर शाल घेऊन तो घरी आला आणि उतारापाशी गाडी थांबली. रोज चढायची. आज त्याच्याने ती चढवणं होईना. रस्त्यावरच गाडी लावून तो उतरला, जोडे काढून हातात घेतले आणि मोजे घालूनच, कडेकडेने उतार चढला.

ओसरीतून सुलोचनाबाई बघत होती.

"गाडी बाहेर काऊन ठेवलास?"

"गियर अडकून राहिला."

"अन् जोडे?"

भुपेंद्रने मागे उताराकडे पाहिलं.

तिनेही तिकडे पाहिलं. आत गेली. थोड्या वेळाने नव्या किचनमधून नव्या तांदळाचा वास आला. पळसाच्या पानावर भात घेऊन ती बाहेर आली, उताराच्या मधोमध पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, पदर डोक्यावर घेऊन सिमेंटला कपाळ टेकवलं.

"त्याचं झालं," उठताना ती म्हणाली. "तुझं तू पाहून घे."

आत ताट वाढलेलं होतं. भुपेंद्र जोडे हातात धरून उभाच होता. ते खाली कुठे ठेवावेत, हे त्याला ठरवता येईना.