बर्थाबाईंचे वांग्याचे बी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण ती दुसरे कोणी सांगेल असे वाटत नाही.

मला खजूर भरण्यासाठी घडवले होते. खजूर संपल्यावर अबुधाबीत, अल रीम आयलंडवर राहणाऱ्या बर्थाबाईंनी मला धुऊन पुसले आणि माझ्यात बी ठेवले. ते वसईचे, त्यांच्या आईच्या वाडीतल्या वांग्याचे बी होते, राखेत घोळून फडक्यात बांधलेले. फ्रिजच्या तळच्या कप्प्यात मला जागा मिळाली. दर ऑक्टोबरात त्या बाल्कनीतल्या कुंड्यांत थोडे बी पेरत आणि पिकल्या वांग्यांतून नवे बी धरून माझ्यात ठेवत. "हा माझा लॉकर," असे त्या पाहुण्यांना सांगत. तेव्हा मला फार बरे वाटे.

त्यांची मुलगी वेन्डी हिने कॅनडात, कॅलगरीला घर घेतले. घरामागे अंगण होते. त्या अंगणात हे बी स्वतःच्या हाताने लावायचे आणि वेन्डीला ते धरायला शिकवायचे, एवढी एकच इच्छा बर्थाबाईंना होती. वसईची वाडी केव्हाच विकली होती. हे वाण आता फक्त माझ्यात होते.

वेन्डी फोनवर म्हणाली, "मम्मा, कम इन एप्रिल."

बर्थाबाईंचे पती कॅस्मिर ऑफिसात प्लॅनिंगचे काम करत. त्यांनी अंगणाचा नकाशा काढला, पट्टीने वाफे आखले.

"एप्रिलमध्ये जाऊन काय करणार?" ते म्हणाले. "भर उन्हाळ्यात कोणी वांगी लावतं? वसईत ऑक्टोबर, इथेही ऑक्टोबर. थंडी लागली की रोप. आणि तिकडे तर थंडीच थंडी!"

"तू नि तुझा प्लॅन!" बर्थाबाई हसल्या. "अरे, एकदा पोरीला विचार."

"तिला काय कळतं? भाजी तिने पॅकेटमध्येच पाहिलीय. खलास, ऑक्टोबर फायनल."

तिकिटे ऑक्टोबरची निघाली. त्यांची चूक मलाही कळली नाही. मीही इथलाच.

जुलैत बर्थाबाईंचे पाय सुजू लागले. ऑगस्टात डायलिसिस सुरू झाले आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. येणे रद्द झाल्याचे सांगताना कॅस्मिर यांनी वेन्डीला व्हिडिओवर नकाशा दाखवला.

"ऑक्टोबर? डॅड, इथे ऑक्टोबरमध्ये स्नो पडतो! एप्रिलमध्ये सीड्स घरात, खिडकीपाशी लावतात. जूनमध्ये बाहेर. दॅट्स व्हाय आय सेड एप्रिल."

कॅस्मिर यांनी नकाशा खाली ठेवला. पलंगावरून बर्थाबाई म्हणाल्या, "राहू दे रे. बी टिकतं. पुढच्या एप्रिलला जाऊ, इन्शाल्ला."

जानेवारीत त्या गेल्या.

त्यानंतर फ्रिज उघडला की मी समोर दिसे. कॅस्मिर यांना ते सोसेना. त्यांनी मला बाल्कनीत, रिकाम्या कुंड्यांमागे नेऊन ठेवले. तिथे मी दोन उन्हाळे काढले. दुपारी माझा पत्रा तव्यासारखा तापे. आतले बी मी कसे वाचवणार होतो, मला अजूनही सुचत नाही.

यंदा मार्चमध्ये वेन्डीने बी मागितले. पाठवण्याआधी कॅस्मिर यांनी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवल्या. रोज पाणी शिंपडले. बाराव्या दिवशी फडके उलगडले, तर एकीलाही मोड नव्हता. मग त्यांनी उरलेले सगळे बी भिजवले.

"वेन्डी, एकही उगवलं नाही, बाळा."

"बट आय ऑलरेडी मेड द बेड्स, डॅड."

अंगणातले वाफे तिने आधीच करून ठेवले होते.

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी शहाणा नाही. सांभाळण्याचे एकच काम मला दिले होते, तेही जमले नाही. तरी एवढे मागतो. बी गारव्यात ठेवा, आणि त्यातले चिमूटभर वेळेवर दुसऱ्या कोणाला देऊन ठेवा. परक्या मातीत पेरायचे असेल, तर तिथे राहणाऱ्याला आधी विचारा, मग ते तुमचेच लेकरू का असेना.