आवडीची माती

आवडी माती खायची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पांगारवाडीत लग्न होऊन आल्याला तिला सात वर्षं झाली होती. मुलगी सारिका झाली, नंतर एक मूल पोटातच गेलं, आणि त्यानंतर कधीतरी ओल्या भिंतीचा वास तिच्या डोक्यातून जाईनासा झाला. आधी तिने नखाने जराशी खरवडून जिभेवर ठेवली. मग चुलीतला भाजका खडा. वर्षभरात अशी गत झाली, की पदराच्या गाठीला दोन-तीन खडे नसले तर तिला काही सुचत नसे. आपण वाईट करतोय एवढं कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

पांगारवाडी म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी डोंगराला चिकटलेली बावीस घरं. आवडीचा नवरा चांगू मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला होता. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. एरवी घरात आवडी, सारिका आणि सासू चंद्राबाई. आवडी सासूला आत्ये म्हणायची.

त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, शिमगा जवळ आला तेव्हा आवडीला झऱ्यावरून एक हंडा आणायला तीनदा बसावं लागू लागलं. छातीत धडधडायचं, कानात घण पडल्यासारखं वाजायचं, संध्याकाळी पाय सुजायचे. वाडीत कुणी म्हणालं, हिच्या काळजाला भोक असणार. चांगूने शिमग्याला तिला पाहिलं आणि तो घाबरला. त्याच्या कँटीनमधल्या एकाची बायको असंच करत करत गेली होती. परत जाताना त्याने आईला बजावलं, की हिला महाडला मोठ्या डॉक्टरला दाखव, ऑपरेशन सांगितलं तरी नाही म्हणू नको.

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत डॉक्टर सरोज चित्रे यांचा दवाखाना होता. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, घाईने न बोलणाऱ्या बाई. त्यांनी आवडीची छाती तपासली, मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून कागदासारखी पांढरी होती. जीभ गुळगुळीत होती. नखं मध्ये खोल गेलेली, त्यांत पाण्याचा थेंब राहील अशी. पाळी, बाळंतपणं, जेवण, सगळं विचारून झाल्यावर त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "माती खावीशी वाटते का गं? भाजकी माती, खडू, कच्चे तांदूळ, असं काही?"

चंद्राबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. आवडीने मान खाली घातली. तिचा हात नकळत पदराच्या गाठीवर गेला आणि तिथेच राहिला. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न परत विचारला नाही, नुसती वाट पाहिली.

"खाते," आवडी म्हणाली. "सुटत नाय."

"त्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्तातलं लोह संपलं, की शरीर असं भलतंसलतं मागायला लागतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बाया खातात. सांगत तेवढ्या नाहीत."

चंद्राबाईंनी ऑपरेशनचं विचारलं. काळजाला काही झालेलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त पातळ झालंय, ते सगळ्या अंगाला पुरवायचं तर काळजाला दुप्पट धावावं लागतं, म्हणून ते धडधडतं.

रक्त आणि शौच दोन्ही तपासलं. बाईमाणसात बाराच्या आसपास असावं ते हिमोग्लोबिन आवडीचं पाच पूर्णांक चार होतं. शौचात जंतांची अंडी सापडली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोऱ्याएवढा जंत, आकड्यासारखं तोंड. उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीत हे वाढतात, अनवाणी पावलाच्या कातडीतून आत शिरतात, आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितात. वर दोन वेळचं गर्भारपण, पहिला घास दुसऱ्यांना वाढण्याची सवय. सगळं मिळून हे झालं होतं.

जंतांची गोळी त्यांनी समोरच चघळायला लावली. लोहाच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ, लिंबाच्या पाण्याबरोबर. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. आणखी थोडं कमी असतं तर ठेवून घेऊन रक्त चढवलं असतं, म्हणाल्या. पंधरा दिवसांनी या, बसल्या जागी दम लागला तर मात्र त्याच दिवशी या.

एसटीत चंद्राबाई पोलादपूर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. आता घरी गेल्यावर बोलतील, असं आवडीला वाटत राहिलं. घरी गेल्यावरही त्या बोलल्या नाहीत. वाडीत विचारायला आलेल्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, की रक्त कमी हाय, गोळ्या दिल्यात.

आठव्या दिवशी आवडीला शौचाला डांबरासारखं काळं झालं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिने शेजारच्या तुळसाला सांगितलं. तुळसा म्हणाली, गोळ्यांनी आतडी जळत असणार, तिच्या भावालाही एका औषधाने असंच झालं होतं. आवडीने गोळ्या बंद केल्या. घरात सांगितलं नाही. नुसतं लिंबाचं पाणी प्यायची.

कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी चार दिवस तेवढीच आहे, हे चंद्राबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी विचारल्यावर आवडी रडली आणि सगळं सांगितलं. चंद्राबाईंनी ऐकून घेतलं. काळं का होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुळसाचं खरं असेल तर गोळी द्यायची नाही, आणि खोटं असेल तर गोळी थांबवायची नाही. विचारल्याशिवाय कळणार नव्हतं.

सकाळच्या एसटीने त्या एकट्याच महाडला निघाल्या. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत त्या एकट्या पोलादपूरच्या पुढे गेल्या नव्हत्या. आवडीला चालत खाली गाडीपर्यंत नेण्यात अर्थ नव्हता आणि दुसरं कुणी नव्हतं. डेपोत उतरल्यावर त्या तळ्याच्या उलट्या बाजूला गेल्या, कोर्टापाशी पोचल्या, परत फिरल्या. एका भाजीवालीने गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. दवाखान्यात गर्दी होती. त्यांचा नंबर लागला तेव्हा एक वाजून गेला होता.

त्यांनी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली आणि झालेलं सांगितलं.

"काळं होतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीतलं सगळं लोह अंगाला लागत नाही. उरलेलं असं बाहेर पडतं. भिण्यासारखं काही नाही. पण हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

एवढ्या शिकलेल्या माणसाने आपल्यापुढे चूक कबूल केलेली चंद्राबाईंनी पाहिली नव्हती. त्या उठल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही आहे का.

"मी पण खायची," चंद्राबाई म्हणाल्या. "तिच्या वयाची होती तवा. सासूनं बघितलं आन् तोंडात बोटं घालून काढली. सगळ्या वाडीला सांगितलं. मंग चोरून खायला लागली. अजून बी कधीमधी खाते. सून त्या दिशी तुमच्यासमोर बोलली, आन् गाडीत तिला काय म्हणावं ते मला सुचलं नाय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचीही पापणी ओढून पाहिली आणि रक्त, शौच तपासून घेतलं. चंद्राबाईंचं हिमोग्लोबिन आठच्याही खाली होतं. जंत त्यांनाही होते. म्हातारपणाची गुडघेदुखी आणि थकवा म्हणून त्या जे काही समजत होत्या, त्यातलं निम्मं बहुधा हेच असावं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर चंद्राबाईंनी दोन तांब्यांत लिंबू पिळलं. एक आवडीपुढे ठेवला, दुसरा स्वतःपुढे, आणि दोघींच्या गोळ्या काढल्या. मग काळं होण्यात भिण्यासारखं काही नाही हे, आणि महाडला डॉक्टरीणबाईंना सांगितलं ते सगळं सुनेला सांगितलं, सासूने बोटं घालून माती काढली तेसुद्धा.

"घे," शेवटी त्या म्हणाल्या. "काळा झाला तर दोघींचा होईल."

आवडीला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती झऱ्यावरून एकदाच बसून वर आली. पेरणीच्या आधी न बसता आली. मातीची ओढ कधी गेली, हे तिला नेमकं सांगता आलं नसतं; एक दिवस लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत आठवणच झाली नाही. महाडला परत तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा भरलं. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, रक्त भरल्यावरही तीन महिने घ्यायच्या, म्हणजे अंगात साठा राहतो, असं डॉक्टरीणबाईंनी दोघींना बजावलं. आणि अनवाणी शौचाला रानात जात राहिलात तर जंत पुन्हा शिरतील, हेही.

निरोप पोचला नव्हता, म्हणून गणपतीला चांगू आला तो बायकोच्या ऑपरेशनची धास्ती घेऊन. बायको डोक्यावर भारा घेऊन समोरून आली. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच बरी हायेस ना. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी चंद्राबाईंनी त्याच्या हातात कुदळ दिली. घराच्या मागे, झऱ्यापासून लांब, संडासाचा खड्डा खणायचा होता. चार फुटांवर कातळ लागला. लोक बघायला जमले आणि हसले. चांगूने रजा चार दिवस वाढवली, जागा बदलली आणि खड्डा पुरा केला.

दिवाळी झाल्यावर तुळसा आवडीकडे आली. तिलाही झऱ्यावर बसावं लागत होतं. तिने दोन-चार गोळ्या मागितल्या. आवडीने दिल्या नाहीत. आधी रक्त तपासायचं, मग गोळी, असं सांगितलं. तुळसा एकटी जाईना, म्हणून आवडी तिला घेऊन निघाली, आणि वाटेत आणखी चौघी झाल्या.

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि एकेकीला विचारायला घेतलं. दम लागतो का, चक्कर येते का, यावर सगळ्या बोलल्या. माती खाता का, यावर कुणीच बोलेना. तुळसाने पदर तोंडाशी नेला.

"मी खायची," आवडी म्हणाली. "माझी सासू पण खायची. रक्त भरला तशी सुटली."

मग तुळसाने मान हलवली. तिच्या पलीकडची म्हणाली, मी खडू खाते, पोरांच्या शाळेतला. नर्सबाईंनी नावं लिहून घेतली आणि सुई काढली. तुळसाने बोट पुढे केलं, आणि टोचताना दुसऱ्या हाताने आवडीचा हात घट्ट धरला.