ह्यांच्या बदल्यात पातेलं

गेल्या गुरुवारपासून आमचे हे बोहारणीच्या गाठोड्यात आहेत.

चूक माझी. जुन्या पँटींचा ढीग देताना एका पँटीत हे होते, ते मी पाहिलं नाही. तेही काही बोलले नाहीत. सोसायटीच्या कचरामुक्ती समितीचे ते चिटणीस. वर्षभर न वापरलेली वस्तू घरात ठेवायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही, कुणाच्या तरी उपयोगी पाडायची, हा नियम त्यांचाच. बदल्यात मला स्टीलचं पातेलं मिळालं. चांगलं जाड बुडाचं.

आज बोहारीण धुरपाबाई पुन्हा आल्या. गाठोडं दारात टेकवलं. आतून ह्यांचा आवाज आला, "शैला, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्यास का?"

"घातल्या," मी म्हणाले. "बाई, माझा माणूस परत द्या. हे घ्या तुमचं पातेलं."

त्यांनी पातेल्याचा वास घेतला. "फोडणी पडलीय ह्यात. वापरलेलं भांडं माघारी घेत नाही मी."

"मग?"

"कापडं घाला. पण लवकर. चारला माल जुन्या बाजारात जातो. तिथं एकदा कुणाच्या मापात बसला, की माझ्या हातात काही नाही."

तीन वाजून गेले होते. मी दोन साड्या आणून टाकल्या. ह्यांचं डोकं बाहेर आलं. चष्मा जागेवर होता.

"आणखी एक घाला, ताई."

चादरी घातल्या, खांदे आले. रिकामं झालेलं कपाट भिंतीत गेलं. पडदे घातले, हे कमरेपर्यंत आले. पडदे काढले तशा खिडक्याही मिटल्या. बैठकीची खोली दिवाणाएवढी उरली.

"ती दिवाणातली जरीची काढ की," हे म्हणाले. "वर्षभरात कधी नेसलीस?"

"चुरगळेल हो."

"आणि मी गुरुवारपासून चुरगळतोय, त्याचं काय?"

जरीची घातली. गुडघे आले. आता दोन्ही भिंती माझ्या खांद्यांना लागत होत्या. चारला पाच मिनिटं कमी होती.

"आणखी एक."

"काही उरलं नाही, बाई."

धुरपाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाऊनची बाही दोन बोटांत धरून ओढून बघितली. "शिवण पक्की आहे. अंगातला काढायला नको. तशाच बसा."

मी गाठोड्यात पाय ठेवला. त्याबरोबर ह्यांचे पाय सुटले. हे उभे राहिले, पँट झटकली आणि बाईंकडे वळले.

"एवढ्या अख्ख्या बाईचं काय देता?"

"एक ताट."

"नुसतं ताट? वर वाटी तरी घाला."

"गाऊन फिका पडलाय, साहेब."

"गाऊन फिका असेल. बाई पक्की आहे."

"अहो," मी म्हणाले.

"थांब गं जरा. बोलतोय ना मी."

धुरपाबाईंनी वाटी काढली. हे तिला टिचकी मारून, कानाशी धरून आवाज ऐकू लागले. तेवढ्यात माझ्या डोक्यावर गाठ बसली. आत पूर्ण अंधार होता. कुणीतरी थोडं सरकून मला जागा करून दिली.