माझ्या हाताची सांडशी

"चार दगडं बी नाही झाले अन् तोंड मुडपलं. आता म्हाताऱ्याले सांगू कसा?"

शेडच्या टिनाला पाठ लावून नत्थू पाथरवट स्वतःशीच कुरकुरत होता. टिनाच्या अलीकडे, हातभर अंतरावर मी कोळसा फोडत बसले होते. त्याला वाटलं आत कोणी नाही. मग तो खाकरला, चपला काढल्या, आत आला आणि दगड घडवायच्या टाक्यांचं गाठोडं आमच्या ह्यांच्यासमोर ठेवून मोठ्या आवाजात म्हणाला की आजकाल लोखंडच बाद येऊन राहिलं, रामाजी, त्याले तुमचा काय इलाज. ह्यांनी एक टाकी उचलली, अंगठ्यानं तिचं तोंड चाचपलं आणि कबाड्याला दोन शिव्या दिल्या. नत्थूनंही दिल्या. मी मनातल्या मनात त्या कबाड्याची माफी मागितली.

नत्थूला मी चहा दिला. तो पिताना त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच बशीत पाहिलं.

सगळे असेच वागत होते. शेजारच्या कुसुमताईंनी विळी परत आणली तेव्हा कोळशाला नाव ठेवलं. खुरपी बदलून न्यायला आलेला एक जण म्हणाला, आमची जमीनच कडक आहे. त्या वर्षी नागपूरच्या आमच्या नंदनवन वस्तीत घरं मोजकी होती, ले-आऊटचे दगड रोवून नुसते प्लॉट पडलेले, पण त्या मोजक्या घरांत माणुसकी एवढी होती की चौऱ्याहत्तर सालचं अख्खं वर्ष गेलं तरी कोणाच्या तोंडून ती गोष्ट निघाली नाही. मी तर घरचीच.

टाकीला पाणी द्यायचं, म्हणजे तिचं तोंड कडक करायचं, तर रंग पाहावा लागतो. तापलेलं टोक पाण्यात बुडवून बाहेर काढलं की मागची ऊब हळूहळू पुढे सरकते आणि तिच्यासोबत रंग सरकतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. दगडाची टाकी पिवळ्याचा तांबूस होता होता परत पाण्यात गेली पाहिजे. निळी झाली की नरम पडली. ह्यांच्या टाक्या आता निळ्या होऊन पाण्यात जात होत्या, आणि हे त्याच जुन्या तोऱ्यात मान हलवून म्हणत, "बसलं पाणी."

आमच्या लोकांत पुरुषाच्या हाती सांडशी आणि बाईच्या हाती घण. पुरुष तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, छोट्या हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवतो, आणि बाईनं त्याच जागी घण घालायचा. बोलायचं नाही. मी सोळाव्या वर्षी या घरात आले तेव्हा सासूनं स्वयंपाकघर दाखवायच्या आधी घण दाखवला होता. तीस वर्षं मी टिचकीच्या मागे मारत आले.

आणि दोन वर्षांपासून टिचकी चुकीच्या जागी पडत होती.

पहिल्यांदा बोटभर. मग दोन बोटं. मी काय करायला लागले, तर त्यांनी दाखवलेल्या जागी न मारता जिथं मारायला पाहिजे तिथं मारायला लागले. कुदळ नीट उतरली की ते समाधानानं हातोडी टेकवत. संध्याकाळी हात धुताना म्हणत, आज काम बरं झालं. मी हो म्हणत असे. आमच्यात दोन हातांचं अंतर, मध्ये तापलेलं लोखंड, आणि मी दिवसभर त्यांच्याशी खोटं बोलत असे, तोंड न उघडता. पोरगी गोपिका लग्न होऊन चंद्रपूरला गेली तेव्हाही घर एवढं रिकामं वाटलं नव्हतं. तिच्या पोस्टकार्डावर शेवटी असायचं, बाबांची तब्येत कशी आहे. मी कळवत असे, चांगली आहे. तब्येत चांगलीच होती.

सांगून टाकायचं होतं, असं आता कोणीही म्हणेल. पण मी माझ्या सासऱ्यांना पाहिलं होतं. त्यांचीही नजर अशीच गेली. एके दिवशी एका शेतकऱ्यानं चार माणसांत म्हटलं, बुढ्याले आता दिसत नाही, पोराले करू द्या. सासऱ्यांनी त्याच घडीला हातोडी ठेवली, भिंतीशी जाऊन बसले, आणि पुढलं वर्ष तिथंच काढलं. ताट समोर आलं तर जेवायचे. कोणी विचारलं तर हूं म्हणायचे. त्या वर्षाच्या शेवटी ते हूंही थांबलं. आणि आमचे हे तर धोतराचा काष्टा खोवण्यापासून बापासारखे. मी बोलले असते तर तेही त्या भिंतीशी गेले असते, आणि मग ऐरण आणि मी, दोघीच.

तरी मी एक शहाणपणा केला होता. माझे डोळे दुखतात असं सांगून एकटीच रामदासपेठेतल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी माझे डोळे तपासले आणि म्हणाले, बाई, तुमच्यासारखी नजर माझी असती तर बरं झालं असतं. मग मी दुसऱ्याच कोणाचं म्हणून ह्यांचं सारं सांगितलं. भट्टीसमोर आयुष्य काढलेल्यांना मोतीबिंदू लवकर धरतो, पुष्कळदा ऑपरेशननं सुधारतो, पण त्या दुसऱ्या कोणाला घेऊन तर या, असं त्यांचं म्हणणं. घेऊन जायचं म्हणजे सांगायचं. मी डोळ्यात घालायच्या औषधाची एक बाटली घेतली आणि परत आले. ती बाटली मी स्वतःच घालून संपवली.

तेव्हाच मी आपली हत्यारं करायला घेतली.

दर बुधवारी हे सक्करदऱ्याच्या बाजारात खुरपी-विळे घेऊन बसायला जात. गाठोडं मी रस्त्यापर्यंत नेऊन द्यायची, पुढली वाट त्यांच्या पायांना पाठ होती. ते वळणापार गेले की मी भट्टी पेटवायची. त्यांची सांडशी माझ्या हाताला मोठी होती, तिचे दांडे एका मुठीत मावत नसत. त्यांच्या हातोडीचा दांडा त्यांच्या पंज्यानं घासून घासून त्यांच्याच पंज्यासारखा झाला होता. पण खरी गोष्ट वेगळी. कधी ना कधी आमच्यातल्या एकानं नीट पाहून लोखंड धरायला लागणार, हे मला कळत होतं. आणि त्यांच्या हातातली सांडशी मी काढून घेणार नव्हते. माझी स्वतःची असली तर काढून घ्यावी लागणार नाही, एवढाच माझा हिशेब.

घण मारणं येत होतं, बाकी काही येत नव्हतं. कुठं मारायचं ते तीस वर्षं दुसऱ्यानं दाखवलेलं. आता जागाही मीच दाखवायची आणि मारायचंही मीच. आधी भोक पाडायचा सुंबा केला, तो वाकडा झाला. दुसरा केला. मग ट्रकच्या एक्सलच्या तुकड्याची हातोडी केली, तिच्यात दांड्याचं भोक पाडायला तीन बुधवार गेले आणि एका बाजूनं ते अजूनही तिरकं आहे. मग सांडशी. लांब सळई घेतली म्हणजे गार टोक हातात धरून काम होतं, ओलं फडकं गुंडाळायचं फक्त. जबडा चपटा केला, मधली जागा खांद्यासारखी बसवली, तिला भोक पाडलं, दांडा लांबवला. मग दुसरा भाग पहिल्याच्या बरोबर उलट केला, डाव्या-उजव्या चपलेसारखा. मोठ्या हौसेनं दोन्ही जोडून पाहिले, तर एक इकडे तोंड करून, एक तिकडे. सांडशीला दोन्ही भाग एकसारखेच लागतात, एक फक्त पालथा घालायचा. तीस वर्षं ती वस्तू माझ्या डोळ्यांसमोर उघडझाप करत होती आणि मला हे माहीत नव्हतं. मी एकटीच शेडमध्ये हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की हे सांगायला कोणी नाही. जे माणूस यावर सर्वात जास्त हसलं असतं ते बाजारात बसलं होतं, आणि त्यालाच तर सांगायचं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मी उलटा भाग बाजूला टाकून नवीन केला. आता फक्त दोन्हींच्या भोकातून रिबिटाचा खिळा घालून ठोकायचं राहिलं. रिबिट लालभडक असतानाच झटपट बसवावं लागतं. दोन्ही भाग धरा, रिबिट भट्टीतून उचला, भोकात घाला, ते गार व्हायच्या आत डोकं ठोका. त्याला मला दोन हात कमी पडत होते. दोनदा केलं, दोनदा रिबिट वाकलं. तिसरं तयार करत होते तर फाटक वाजलं.

दुपारचे बारा असतील. हे चार तास आधी परत आले होते. धोतर गुडघ्यावर फाटलेलं, गुडघा सोललेला, गाठोडं तसंच न सोडलेलं.

"नळासाठी खोदून ठेवलं लेकाच्यांनी," ते म्हणाले. "कंदील तरी ठेवायचा ना तिथं."

भर दुपारी नागपुरात रस्त्यावर कंदील ठेवत नाहीत. मी हळद आणायला उठले, पण ते माझ्या बाजूनं सरळ शेडमध्ये शिरले. भट्टीची ऊब कोणापासून लपते. ऐरणीपाशी आले, वर हात फिरवला आणि त्यांच्या बोटांना माझी सांडशी लागली.

त्यांनी एक भाग उचलला. मग दुसरा. एकावर एक ठेवले, भोकात करंगळीचं टोक घातलं, जबडे मिटवून पाहिले.

"दोन्ही सारखेच केले," ते म्हणाले. "बरं केलं. मी पहिल्या खेपेले उलटे केले होते. बाबानं तेच दांडे पाठीत घातले."

मी माझा उलटा भाग कोळशाच्या ढिगामागे पायानं सारला. मग वाटलं, कशासाठी सारते. माझ्या पाठीत कोण घालणार होतं.

"कोणाची होय?"

"माही," मी म्हटलं.

त्यांनी दांड्यावरून अंगठा नेला आणि आणला. मला सासऱ्यांची भिंत दिसत होती, शेडमधून ती नीट दिसते. हे आता वळतील, आत जातील, तिथं बसतील, असं मी मनात धरलं. गुडघ्यातून रक्त पोटरीवर उतरत होतं आणि त्यांना त्याची खबर नव्हती.

"तुह्या हाताले माही मोठी होते," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. "रिबिट टाक भट्टीत."

मी टाकलं. भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याचं चाक फिरवायला लागले. ते आपल्या जागी उभे राहिले, तीस वर्षं उभे राहिले तिथंच. डाव्या हातानं दोन्ही भाग ऐरणीवर जुळवून धरले, उजव्या हातात त्यांची मोठी सांडशी घेतली. कोळसा लाल झाला. रिबिट काळ्याचं लाल झालं, लालाचं नारिंगी. लोखंड भट्टीतून केव्हा काढायचं ते सांडशी ज्याच्या हाती तो ठरवतो, घण मारणारीनं ठरवायचं नसतं. मी वाट पाहिली. रिबिट पिवळं झालं. त्यांची मान भट्टीकडे होती, पण माणूस अख्ख्या घराकडे पाहतो तसे ते अख्ख्या भट्टीकडे पाहत होते. रिबिट पांढरं व्हायला लागलं. अजून एक श्वास गेला असता तर ते जळून ठिणग्या झालं असतं. मी चाक सोडलं आणि तरी तोंड उघडलं नाही.

त्यांनी हातातली सांडशी माझ्याकडे पुढे केली, दांडे माझ्याकडे करून.

"उचल वं तू. रंग तूच पाहत जा. मले दिसून नाही राहिलं."